खाऱ्या दुधाची करडं

तळवंद्याला खाडीकाठी जेट्टीचा रस्ता खणताना जेसीबीच्या दातांना हाडं लागली. आधी पोलीस आले. हाडं माणसाची नाहीत असं कळल्यावर ते निघून गेले, आणि मग पुण्याहून शिफ्रा वाक्रुळकर आली.

शिफ्रा प्राण्यांच्या हाडांची अभ्यासक. ती याच तळवंद्याची, इथल्या इस्रायल आळीत वाढलेली. एके काळी आळीत बेने इस्रायलांची पुष्कळ घरं होती. आता दोनच उरली होती, आणि त्यातल्या एका घरात तिची आई रिबकाबाई एकटी राहायची. थोरला सॅमसन आणि धाकटा डॅनियल कधीच परदेशी गेले होते. रिबकाबाईंनी उभा जन्म तालुक्याच्या एका दवाखान्यात परिचारिकेचं काम केलं होतं. ऐंशीच्या घरात आल्या तरी त्यांची चाल अजून वॉर्डातून फेरी मारल्यासारखीच होती.

दुपारी डबा घेऊन त्या खड्ड्याशी आल्या.

"काय सापडलं गं?"

"पाय," शिफ्रा खालूनच म्हणाली. "करडांचे पाय. बघ ना, शेकडो आहेत. फासळी नाही, मांडीचं हाड नाही. नुसते खूर आणि वरची दोन पेरं."

"आणि बाकीची करडं कुठं गेली?"

"ती कुणीतरी खाल्ली, आई. दुसरीकडे."

तिनं हसत सांगितलं आणि हातातलं हाड पुन्हा उलटून पाहिलं. पंचवीस वर्षांत असा खड्डा तिनं फक्त पुस्तकातल्या चित्रांत पाहिला होता. कातडं सोलताना पायाची शेवटची पेरं कातड्याबरोबरच सोडून देतात. तिथून मांसाची वाट वेगळी आणि कातड्याची वेगळी. जिथे फासळ्या सापडतात तिथे कुणीतरी जेवलेलं असतं. जिथे नुसते खूर सापडतात तिथे कुणीतरी कातडं कमावलेलं असतं. पण चामडं कमावणाऱ्याला मोठ्या जनावराचं जाड कातडं हवं असतं, आणि झाडाची साल हवी असते. इथं तर सगळी काही आठवड्यांची करडं होती. सालीचा मागमूस नव्हता. होता तो शिंपल्यांच्या चुन्याचा पांढराशुभ्र थर, आणि त्यात बोराएवढे गुळगुळीत गोटे. असा गोटा ओल्या कातड्याच्या काठात गुंडाळून वर दोरी बांधली, की चौकटीवर ताणताना दोरी निसटत नाही. चुन्यात भिजवलेलं, ताणून वाळवलेलं, खरवडून पातळ केलेलं ते कातडं चपलेचं नसतं. ते लिहिण्याचं असतं. चर्मपत्र.

कोकणात, आठशे वर्षांपूर्वी, चर्मपत्र! पुण्यातल्या जाणकारांनी माना हलवल्या. हा ताडपत्रांचा आणि कागदाचा मुलूख. इथल्या दमट हवेत चर्मपत्र पापडासारखं वाकडं होईल. कोण करत बसेल?

शिफ्राच्या मनात मात्र एक बरणी होती. गावच्या सिनेगॉगच्या माळ्यावर (जुनी माणसं त्याला मशीद म्हणत) चिनी मातीच्या एका बरणीत जीर्ण पानं ठेवलेली होती. पवित्र लेखन झिजलं तरी टाकायचं नाही, असा धर्माचा दंडक. त्यांवरची अक्षरं कधीच उडून गेली होती. ही पानं बगदादहून गलबतानं आली असं सगळे म्हणत. ती करडांच्या कातड्याची आहेत एवढंच सर्वांना ठाऊक होतं. ती करडं कुठली, हे कुणी विचारलं नव्हतं.

आळीत वयानं मोठ्या रिबकाबाईच. शिफ्रानं त्यांच्याकडे परवानगी मागितली.

"अक्षरं नाही उरली, तर कातडं वाच," त्या म्हणाल्या. "देवाला काय, दोन्ही त्याचंच."

*

शिफ्राच्या संस्थेत नुकतंच एक यंत्र उभं राहिलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला 'गोठा' म्हणत. ते बांधलं होतं निखत परकारनं. निखत मूळची बाणकोटची, गणितातली, शिफ्राची पंधरा वर्षांची मैत्रीण.

गोठ्याचं तत्त्व साधं होतं. हाड, दात आणि कातडं थराथरानं वाढतात. प्राणी ज्या आठवड्यात जे खातो, जे पाणी पितो, त्याची रासायनिक खूण त्या आठवड्याच्या थरात बसते. पूर्वी हे सगळे थर एकत्र दळूनच मोजता यायचे. आता कणभर भुकटीतला एकेक थर वेगळा वाचता येऊ लागला होता. पानाला इजाही होत नसे. खोडरबरानं हलकेच पुसलं की चिकटून आलेला कीस पुरे. कोकणच्या ओल्या मातीत डीएनए सडून जातो, पण चुन्यात मुरलेली प्रथिनं टिकतात. फाटलेल्या धोतराचे काठ एकमेकांना जुळावेत तशी एका पानाच्या आठवड्यांची माळ आणि एका खुराच्या आठवड्यांची माळ जुळली, की पान आणि खूर एकाच करडाचे.

एवढं सांगून निखतला थांबता आलं असतं. पण तिनं त्या आकड्यांची एक खोली केली. खोलीत बसलं की भिंतींवर उजेड हलायचा, जमिनीलगत आवाज यायचे, वास यायचे. प्राण्याचे आठवडे एकामागून एक सरकत जायचे. तिनं एक नियम मात्र कडक पाळला होता: ज्याचा पुरावा नाही ते दाखवायचं नाही. जिथे काही कळत नव्हतं तिथे खोलीत धुकं भरून यायचं.

बरणीतल्या पहिल्या पानाची माळ खड्ड्यातल्या एका खुराशी जुळली, त्या दिवशी शिफ्रा गोठ्यात जाऊन बसली.

आधी काहीच नव्हतं, नुसती ऊब. मग दुधाचा वास. मग पायांखाली काहीतरी ओलसर, आणि वाऱ्यावर मीठ. उजेड जमिनीलगतच होता, कारण करडू जमिनीलगतच असतं. खाडीकाठच्या तिवराची पानं चमकली, त्यांच्या मागे पाण्याची रेघ. कुठून तरी एक मोठी सावली आली आणि तिच्याखाली पुन्हा ऊब. सावलीला चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी धुकं होतं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. उजेड पिवळा झाला, गवताला कोवळेपणा आला. मग सगळं एकदम पांढरं झालं. तिथे ते करडू संपलं होतं आणि पान सुरू झालं होतं.

बाहेर आल्यावर ती डोळे चोळत भिंतीला टेकली.

"रडलीस का?" निखतनं विचारलं.

"नाही. झोपेतून उठल्यासारखं वाटतंय."

बरणीतली बहुतेक पानं खड्ड्यातल्या खुरांशी जुळली. बगदादचं गलबत कधी आलंच नव्हतं. पानं तळवंद्याची होती.

*

खड्ड्याशेजारी, थोडं बाजूला, एका म्हाताऱ्या शेळीचा अख्खा सांगाडा निघाला होता. तिच्या एकाही हाडावर सुरीची खूण नव्हती. तिला कुणी खाल्लं नव्हतं, सोललंही नव्हतं, पुरलं होतं. तिचा मागचा पाय तरुणपणीच मोडून वाकडा सांधला होता. त्यामुळे तिला कळपाबरोबर डोंगरावर जाता येत नसणार. बाकीच्या शेळ्यांच्या हाडांत डोंगरचं गवत होतं. हिच्या हाडांत आयुष्यभर फक्त तिवराचा पाला आणि खाडीचं मीठ. कुणीतरी तिला रोज पाला आणून घालत होतं. संस्थेत तिचं नाव 'लंगडी' पडलं.

तिवर खाणारी शेळी एकच, त्यामुळे तिच्या दुधाची खूणही एकच. ती खारी खूण तेरा करडांच्या हाडांत सापडली. शिफ्रानं अहवालात लिहिलं: लंगडी ही तेरा करडांची आई.

घोटाळा झाला तो लंगडीच्या दाढेमुळे. दाढेच्या मुळावर वर्षाला एक असा सिमेंटासारखा थर चढत जातो, झाडाच्या खोडातल्या वलयासारखा. ज्या वर्षी मादी विते, त्या वर्षीची रेघ वेगळी उमटते, कारण गर्भासाठी तिच्या अंगातला चुना निघून जातो. लंगडीच्या दाढेत अशा तीनच रेघा होत्या. शेळीला जुळी होतात, क्वचित तिळी. तसं धरलं तरी तेरा होत नव्हती.

संशोधनाची तपासणी करणाऱ्या समितीचे प्रमुख होते डॉ. उपासनी. माणूस सभ्य, पण धारदार.

"शिफ्राबाई, तुमच्या यंत्राला बाळंतपणं मोजता येत नाहीत," ते म्हणाले. "आणि ज्याला बाळंतपण मोजता येत नाही, त्यानं हे पान आणि हे खूर एकाच करडाचे म्हटलं, तर ते मी का मानावं? पद्धत दोन्हीकडे तीच आहे."

त्यांच्या शंकेत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. समितीनं मान्यता दिली नाही तर खड्डा म्हणजे नुसता खड्डा ठरणार होता, आणि पावसाळा संपताच जेट्टीचा रस्ता त्याच्यावरून जाणार होता. तेव्हा एकच मार्ग होता. ज्यांची बाळंतपणं ठाऊक आहेत अशा बायकांच्या दाढा गोठ्याला वाचायला द्यायच्या. नाव नाही, फक्त क्रमांक. यंत्रानं बरोबर सांगितलं तर लंगडीचा निकालही खरा धरायचा आणि तिढा दुसरीकडे शोधायचा.

शहरभरच्या दंतवैद्यांकडून उपटलेल्या दाढा जमू लागल्या. प्रत्येक बाईनं आपल्या मुलांची संख्या आणि जन्मवर्षं लिहून दिली. तेवढ्यात रिबकाबाईंची एक दाढ ठणकू लागली आणि त्या पुण्याला आल्या.

"माझीपण घे," दाढ काढून झाल्यावर गाल धरून त्या म्हणाल्या. "तिघांना वाढवलेली दाढ आहे ती."

शिफ्रानं माहितीच्या रकान्यात तीन असं लिहिलं, पुढे तिघांची वर्षं लिहिली आणि आईची सही घेतली. सही करताना रिबकाबाई क्षणभर थांबल्या होत्या, हे तिला फार पुढे आठवलं.

जाण्याआधी त्यांना गोठा पाहायचा होता. त्या आत बसल्या, लंगडीच्या सावलीत. बाहेर आल्या तेव्हा पदरानं तोंड पुसत होत्या.

"पाजून मग कापली करडं?"

"काही कापली. काही मोठीही झाली असतील, आई. मोठी झालेल्यांचे पाय या खड्ड्यात कशाला येतील?"

"हां," त्या म्हणाल्या. "तेही खरंच."

*

निकाल आले, आणि निखत शिफ्राच्या खोलीत येऊन दार लावून बसली.

"एक सोडून सगळे जुळले."

"एक म्हणजे यंत्राचीच चूक असणार. एवढी चालते."

"समितीला चालणार नाही. लंगडीची चूक ज्या बाजूला, त्याच बाजूला ही. बाई तीन सांगते, दाढ दोन सांगते. ते म्हणतील यंत्र बाळंतपणं गिळतं." निखतनं हात मांडीवर ठेवले. "शिफ्रा, नावांची यादी फक्त माझ्याकडे आहे. मी समितीला काही बोलणार नाही. तू सांगशील तसं."

शिफ्राला आधी काहीच कळलं नाही. मग निखतच्या चेहऱ्यावरून कळलं.

"कुठली रेघ नाही?"

"मधली."

सॅमसन, शिफ्रा, डॅनियल. मधली शिफ्रा.

खिडकीबाहेर संस्थेच्या आवारात कुणीतरी गवत कापत होतं. त्या गवताचा वास आत आला, आणि शिफ्राला वाटलं की आपण अजून गोठ्यातच आहोत, कुणाच्या तरी आठवड्यांत.

पुढचे काही दिवस तसेच गेले. ती काम करायची, पण हात दुसऱ्याचे असल्यासारखे. आरशात स्वतःची हनुवटी पाहायची. आईची हनुवटी टोकदार, आपली रुंद. हे तिनं पन्नास वर्षं पाहिलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं. एक थेंब लाळ प्रयोगशाळेत दिली असती तर संध्याकाळी उत्तर मिळालं असतं. ती नळी तिनं दोनदा हातात घेतली आणि दोनदा खाली ठेवली. उत्तर तर दाढेनं दिलंच होतं. तिला हवं होतं ते नळीत मावणारं नव्हतं.

आणि गप्प राहायचं म्हटलं तर? यंत्र खोटं ठरेल. निखतची दहा वर्षं पाण्यात. खड्डा डांबराखाली. ज्यानं लंगडीला जन्मभर पाला घातला आणि मेल्यावर पुरलं, त्या माणसाचा या जगातला एकुलता एक पुरावा नाहीसा. आणि आई आहे तशीच राहील, तीन मुलांची.

शनिवार म्हणजे आईचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. तो संपायची वाट पाहून ती तळवंद्याला गेली.

*

रिबकाबाई स्वयंपाकघरात नारळाचं दूध काढत बसल्या होत्या. खवलेलं खोबरं फडक्यात बांधून पिळत होत्या. शिफ्रा समोर पाटावर बसली. बोलायचं काय, ते तिनं ठरवलं होतं; बसल्यावर सगळं विसरली.

"आई, दाढेचा निकाल आला."

रिबकाबाईंचे हात थांबले नाहीत. फडकं पिळलं गेलं, दूध पातेल्यात पडलं.

"दोन म्हणाली ना?"

"तुला माहीत होतं, दाढ सांगेल ते?"

"तू इतकं समजावून सांगितलंस मला. रेघा, चुना. परिचारिका होते मी, कळतं तेवढं." त्यांनी फडकं सोडलं, चोथा मोकळा केला. "सही करताना वाटलं, नाही म्हणावं. मग वाटलं, माझ्या तोंडून निघत नाही तर दाढेला सांगू दे."

मग त्यांनी सांगितलं. आवाज न बदलता, रात्रपाळीचा अहवाल सांगावा तसं.

वीटभट्टीवरची कातकरी बाई होती. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. एकटीच चालत आली दवाखान्यात, कळा सुरू झालेल्या. नवरा काविळीनं गेलेला. नाव चांगुणा सांगितलं. अंगात रक्त नव्हतं. मूल झालं आणि ती गेली. डॉक्टर सुट्टीवर होते. हाताशी फक्त रिबकाबाई.

"तू रडत होतीस. सॅमसन तेव्हा अजून अंगावर प्यायचा, त्यामुळे मला दूध होतं. तुला पदराखाली घेतलं. एवढंच केलं, शिफ्रा. म्हटलं, कुणी न्यायला येईपर्यंत."

"कुणी आलं नाही?"

"मी भट्टीवर गेले होते. भट्टी बंद झालेली, माणसं पांगलेली. मी विचारलं." रिबकाबाईंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "शोधलं गं मी. पण फार नाही शोधलं. घरी आल्यावर तुझ्या बाबांनी काही विचारलं नाही. त्यांनी एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा करायला सांगितला, घरी मूल झालं की करतात तसा. सगळ्या आळीनं खाल्ला. त्यानंतर तू कुणाची हे कुणी विचारलं नाही."

शिफ्राला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तिनं आईसमोरचं फडकं ओढून घेतलं आणि उरलेलं खोबरं बांधून पिळायला लागली. पातेल्यात दूध पडत राहिलं.

"ती काही बोलली होती? चांगुणा?"

"बोलली. कळा थांबल्या की बोलायची. म्हणाली, आमच्या वाडीतून समुद्र दिसतो, पण ऐकू येत नाही. इथं ऐकू येतो, त्याचं तिला नवल वाटत होतं."

शिफ्राचे हात थांबले. "आई, हे मी कुणाला सांगणार नाही. समितीला म्हणेन, यंत्रात दोष आहे."

"दोष आहे?"

"नाही."

"मग कशाला म्हणतेस? खोटं रजिस्टरात लिहायचं ते मी एकदा लिहिलं, तुझ्या आईच्या जागी माझं नाव. तू नको लिहूस." रिबकाबाई उठल्या, हात धुतले. "कधी आहे तुमची सभा? मी येते."

*

समितीच्या खोलीत सगळे वयस्कर लोक आणि मधोमध पाण्याच्या बाटल्या. निखतनं आकडे मांडले. डॉ. उपासनींनी ते शांतपणे ऐकले आणि चुकलेल्या नमुन्यावर बोट ठेवलं.

"हा नमुना कुणाचा, हे आम्ही विचारत नाही. पण बाई तीन म्हणते, यंत्र दोन म्हणतं. चूक कोणाची?"

"माझी," दाराजवळच्या खुर्चीवरून रिबकाबाई म्हणाल्या.

सगळे वळले. शिफ्रा उठू लागली. आईनं हातानंच तिला बसवलं. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"मी रिबका वाक्रुळकर. दाढ माझी आहे. मी मुलं सांगितली, तुमच्या यंत्रानं बाळंतपणं मोजली. बाळंतपणं दोन. मुलं तीन. दोन्ही बरोबर आहे." जरा थांबून त्या म्हणाल्या, "मधली ही. माझ्या दुधावर वाढली."

डॉ. उपासनींनी समोरचे कागद सरळ केले, मग पुन्हा सरळ केले. त्यांची नजर शिफ्राकडे गेली आणि लगेच खाली आली.

निखत हळू आवाजात बोलायला लागली. "म्हणजे सर, लंगडीचंही तेच. खारं दूध तेरा करडांनी प्यायलं. ती सगळी तिच्या पोटची नव्हती. डोंगरावर ज्यांच्या आया मेल्या, ज्यांना दूध पुरलं नाही, ती करडं खाली खाडीकाठी तिच्याजवळ आणली जात असणार. म्हणून तिला कुणी कापलं नाही. त्या चर्मपत्रं करणाऱ्याचं सगळं काम तिच्यावर उभं होतं. दूध आणि रेघा जमेना, कारण आम्ही पाजणं आणि विणं एकच धरलं होतं."

"तसं सगळेच धरतात," डॉ. उपासनी म्हणाले. मग ते रिबकाबाईंकडे वळले. "बाई, तुम्हाला इथवर यावं लागलं."

"मला यायचंच होतं," रिबकाबाई म्हणाल्या.

मान्यता मिळाली. जेट्टीचा रस्ता थोडा उत्तरेला सरकला. शिफ्राच्या अहवालात लंगडीपुढे दोन रकाने आले: व्यालेली आणि पाजलेली. आणि गोठ्याचा नियम बदलला. माणसाची दाढ त्यात घालायची असेल तर आधी त्या माणसाशी बसून बोलायचं, काय काय बाहेर येऊ शकतं ते सांगायचं, आणि मगच सही घ्यायची. हा नियम निखतनं लिहिला. पुढे इतर देशांत असे गोठे उभे राहिले, तेव्हा तो नियमही त्यांच्याबरोबर गेला.

सॅमसनला शिफ्रानं स्वतः फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. चार दिवस काही कळवलं नाही. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला.

"म्हणजे माझं दूध तू अर्धं केलंस तर," तो म्हणाला. "तरीच मी बुटका राहिलो."

शिफ्रा इतकी हसली की शेवटी तिला रडूही आलं.

*

ज्या वाड्यांतून समुद्र दिसतो पण ऐकू येत नाही, अशा रायगडच्या डोंगरांत पुष्कळ निघाल्या. थंडीभर शिफ्रा सुट्टीच्या दिवशी एकेका वाडीवर जात राहिली. रिबकाबाई गाडीत बसून यायच्या आणि रस्ता संपला की खालीच थांबायच्या. "जाऊन ये," म्हणायच्या. "मी आहे इथं."

बहुतेक ठिकाणी काही हाती लागलं नाही. चांगुणा नावाच्या बायका घरोघर झाल्या होत्या. भट्टीवर गेलेली आणि परत न आलेली माणसंही घरोघर होती.

माघातल्या एका सकाळी ती एका वाडीच्या वरच्या टोकाला पोचली. सागाची पानं वाळून गळत होती. खूप खाली, दोन डोंगरांच्या खाचेत, समुद्राचा एक तुकडा झळकत होता. ती उभी राहून ऐकत राहिली. वारा होता, कुठेतरी कोंबडा होता, एक पोर कुणाला तरी हाका मारत होतं. समुद्राचा आवाज नव्हता. एवढं पाणी हलतंय आणि त्याला आवाज नाही, हे स्वप्नातल्यासारखं होतं. ती पायवाटेच्या कडेला कितीतरी वेळ तशीच उभी होती.

शेवटच्या कुडाच्या घरापुढे एक म्हातारी ओट्यावर बसून करवंदीच्या काटक्या मोडत होती. तिनं मान वर करून शिफ्राकडे पाहिलं. कपड्यांवरून, पायातल्या बुटांवरून नजर वर गेली आणि तोंडावर येऊन थांबली. हनुवटीपाशी थोडी जास्तच थांबली, असं शिफ्राला वाटलं. कदाचित तिला तसं वाटायला हवं होतं.

"कुठून आलीस गं?"

"तळवंद्याहून."

"लांब आहे." म्हातारीनं एक काटकी मोडली. "आन् तू कोणाची?"

हा प्रश्न शिफ्राला गावोगाव विचारला गेला होता, लहानपणापासून, लग्नकार्यात, बाजारात, एसटीच्या थांब्यावर. तिनं कधी विचार न करता उत्तर दिलं होतं. आता ती खाली वळून पाहू लागली. झाडांच्या फटीतून रस्त्याच्या वळणावरची गाडी दिसत होती, आणि गाडीचं दार उघडून बाहेर येऊन वर पाहत उभी राहिलेली एक छोटी पांढरी आकृती.

"दोघींची," ती म्हणाली.

म्हातारीला त्यात काही नवल वाटलं नाही. तिनं काटक्यांचा ढीग हातानं बाजूला सारला आणि ओट्यावर तिच्यासाठी जागा केली.